फक्त वाजणारा फोन

गुलमंडीजवळच्या त्या चकचकीत मोबाईलच्या दुकानात मी तिसऱ्यांदा गेले, तेव्हाही तिथल्या बाईनं माझ्यापुढं कॅमेराच धरला. "मॅडम, झूम बघा. समोरच्या पाटीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचता येतंय." म्हटलं, बाई गं, बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची बारीक अक्षरंच वाचली, आता पुरे. मला अमेरिकेला जायचंय. तिथं गेल्यावर माझा हा इथला नंबर चालू राहिला पाहिजे. राहील का, एवढं एक सांग. तिनं गोड हसून मान डोलावली आणि म्हणाली, "राहणारच ना मॅडम, बॅटरी दोन दिवस टिकते याची."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि पदरानं घाम पुसला. दुकानात एसी चालू होता, तरी मला घाम. तीन आठवडे मी फोन शोधत होते, आणि तीन आठवड्यांत मला एकही माणूस असा भेटला नव्हता ज्यानं माझं वाक्य शेवटापर्यंत ऐकून घेतलं. वाक्य अर्धं झालं की समोरचा फोन काढतो आणि माझाच फोटो काढून मला दाखवतो. माझा चेहरा कसा आहे ते मला ठाऊक आहे, त्यासाठी एवढी यातायात कशाला?

हा खटाटोप कशापायी, ते आधी सांगते. नाहीतर तुम्हालाही त्या बाईसारखं वाटायचं की म्हातारीचं डोकं फिरलंय.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वेरूळच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला आमच्या गावी धाकट्या भावाजवळ राहतात. आम्ही मूळचे मेंढरंवाले. भाऊ आता शेती करतो, हंगाम नसला की मिळेल त्या कामावर जातो. दादांनी मात्र मेंढरं सोडली नाहीत. ऐंशी कधीच ओलांडली, कंबर वाकली, पण संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरायला लागली की ते तोंडाशी उभे राहतात आणि दोन-दोन करून मोजतात. मोजणी पुरी झाल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. एखादं कमी भरलं तर ते सापडेपर्यंत भाकरी गार झाली काय न् करपली काय, त्यांना त्याचं काही नाही. लहानपणी एका चुकार कोकरापायी आम्ही भावंडं भुकेनं रडत बसलोय, तेही एकदा नाही, कितीदा तरी.

मेंढरं झाली की ते माणसं मोजतात. भाऊ, भावजय, त्यांची पोरं. मी त्यात नव्हते. लग्न करून दिलेली लेक ज्या घरी दिली त्या घरात मोजायची, अशी त्यांची रीत. यात रागलोभ काही नाही. सहा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. तेरावा झाला, पाहुणे पांगले, माझी लेक परत अमेरिकेला गेली, आणि इथं शहरात उस्मानपुऱ्यातल्या तीन खोल्यांत मी एकटी उरले. त्या दिवशी दिवेलागणीला फोन एकदाच वाजला आणि थांबला. गावाकडचा नंबर. उलटा फोन लावला तर दादा माझ्यावरच ओरडले.

"बोलायला कशाला लावलास? तू बी एक रिंग दे अन् कट कर. मोजायलोय मी!"

मी फोन खाली ठेवला आणि ढसाढसा रडले. नवरा गेल्यापासून इतकी रडले नव्हते. मग डोळे पुसले, त्यांच्या नंबरला एक रिंग दिली आणि कट केली.

तेव्हापासून सहा वर्षं हे असंच चाललंय. दादांना अक्षरओळख नाही. भावानं त्यांच्या साध्या फोनवर असं करून ठेवलंय की दोनचं बटण दाबून धरलं की मला लागतो. माझा नंबर वाजला तर एक ठरावीक धून वाजते, दुसऱ्या कुणाच्या नंबरला ती नाही. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांची एक रिंग येते, माझी एक रिंग जाते, ती धून वाजते, दादा म्हणतात "आली," आणि हात धुवायला उठतात. बोलणं नाही, चालणं नाही. जास्त वेळ वाजला तर समजायचं काहीतरी बरंवाईट झालंय. एकदा एका लग्नात माझ्या फोनची बॅटरी संपली आणि मला पत्ताच नाही. घरी येते तर दारात भाऊ मोटारसायकल लावून उभा, तोंड एवढंसं झालेलं. "आक्का, जिती हायस ना? एक रिंग दे गं बाई आधी, दादा उपाशी बसलेत."

आता कळलं? माझी लेक पोटुशी. बाळंतपणाला मी अमेरिकेला जायचं, तीन महिने राहायचं. आणि या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी गावाकडं एक ऐंशीच्या पुढचा म्हातारा माझ्या रिंगेसाठी ताट अडवून बसणार. म्हणून मला फोन असा पाहिजे होता ज्यात माझं इथलं सिम तिथंही जागं राहील आणि शेजारी तिथलं सिम पण चालेल. नवा नंबर चालायचा नाही, कारण नव्या नंबरला ती धून नाही, आणि धून नाही ती दादांच्या लेखी मी नाही.

हे मी लेकीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून बसली.

"आई, तू काय बोलायलीस? इकडं आलीस की तो जुना नंबर बंद करून टाक. मी तुला इथलं सिम देते."

"आणि दादा?"

"मामाच्या फोनवर रोज व्हिडिओ कॉल कर की. तोंड दिसेल त्यांना."

"ते व्हिडिओवर बोलत नाहीत."

"ते कशावरच बोलत नाहीत, आई! माझ्याशी तर अख्ख्या जन्मात चार वाक्यं बोलले असतील आजोबा. तुला निदान रिंग तरी येते."

शेवटचं वाक्य तिनं हसत म्हटलं, पण मला ते टोचलं. मी विषय बदलला, डोहाळे काय लागलेत ते विचारलं.

मग जावयाला कळवळा आला. भला माणूस आहे, पण मदत करायला लागला की माझं एक काम वाढतं. इकडं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यानं आपला एक जास्तीचा फोन पाठवला. वर निरोप, "आई, हा इकडं शंभर टक्के चालतो." चालणारच, तिथलाच तो. डबा उघडला, फोन बघण्यासारखा. मी सिम घालायला ती बारीक पिन घेऊन बसले. वरून बघितला, खालून बघितला, चारी कडा चाचपल्या. सिमची पट्टी निघायला जागाच नाही! चष्मा पुसून पुन्हा पाहिला, तरी नाही.

शेवटी शेजारच्या काकांना बोलावलं. ते बँकेतून निवृत्त झालेले आणि एकदा दुबईला जाऊन आलेले. त्या एका दुबईवर त्यांनी आमच्या अख्ख्या गल्लीला परदेशप्रवासाचे धडे दिलेत. ते भिंग घेऊन आले. "असं कसं नसेल? सिमशिवाय फोन असतो का कुठं!" म्हणून त्यांनी खालच्या कडेला एक बारीक भोक शोधून काढलं, आणि मी "अहो काका, थांबा" म्हणेस्तोवर पिन आत घातली. आत काहीतरी कचकन मोडलं. ते भोक माइकचं होतं. त्या फोनला सिम घालायची सोयच नव्हती, तिकडच्या त्या फोनांत म्हणे सगळं आतल्या आत असतं. काका म्हणाले, "दुबईत असं नव्हतं," आणि भिंग घेऊन घरी गेले. जावयाला काय सांगायचं ते मी चार दिवस मनात जुळवत बसले.

सांगितलं मग खरं काय ते. तो हसला, म्हणाला, "असू द्या आई, तसंही त्यात फक्त इथल्या कंपनीचंच चालतं, लॉक आहे तो." म्हणजे तो फोन मला पहिल्यापासूनच उपयोगाचा नव्हता. माझ्या जिवाला चार दिवस घोर लावून हा माणूस आता सांगतोय! जावई आहे म्हणून गप्प बसले. मुलगा असता तर दोन शब्द नक्की ऐकवले असते.

मग गेले माझ्या सिमच्या कंपनीच्या कार्यालयात. टोकन घ्या, बसा, नंबर पुकारला की या. तास गेला. काउंटरवरची मुलगी चटपटीत, बोलायला गोड. म्हणाली, "रोमिंगचा पॅक टाकावा लागेल. रोज साधारण किती मिनिटं बोलणार, मॅडम?"

"एकही नाही."

"म्हणजे फक्त इनकमिंग?"

"इनकमिंग येईल, पण मी उचलणार नाही."

"आणि आउटगोइंग?"

"एक करेन. ते उचलणार नाहीत."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग शेजारच्या मुलाकडं बघितलं. "मॅडम, कुणी उचलणारच नसेल तर पॅक कशाला?"

आता तिला मी काय सांगू? मेंढरांपासून सुरुवात करू? मागं टोकन घेतलेली वीस माणसं उभी. मी म्हटलं, "पोरी, तुला काय करायचंय? नंबर तिथं जागा राहील असा पॅक टाक आणि मला मोकळं कर." तिनं टाकला. पण कुठल्या फोनात तो जागा राहील ते तिलाही सांगता येईना. "हँडसेटचं आम्ही बघत नाही, मॅडम." दुकानवाले म्हणतात सिमचं आम्ही बघत नाही, सिमवाले म्हणतात फोनचं आम्ही बघत नाही. मग बघतं कोण? मी बघते, पंचेचाळीसचा पाढा शिकवत आयुष्य घालवलेली बाई!

त्याच दिवशी रागारागानं गुलमंडीच्या मागच्या बोळातून येत होते. तिथं जिन्याखाली एक फोन दुरुस्तीवाला बसतो. पन्नाशीचा माणूस, मेंदी लावलेली दाढी, डोळ्याला ते घड्याळजीचं भिंग. सहज विचारावं म्हणून थांबले. म्हटलं, भाई, अमेरिकेला जायचंय, दोन सिमचा फोन हवा. आता हाही कॅमेरा काढतो की काय म्हणून मी आधीच वैतागलेले. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं आणि भिंग कपाळावर सरकवलं.

"खाला, एक बात बोलो. बात करना है के सिर्फ बजना है?"

तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता.

"सिर्फ बजना," मी म्हटलं. "एक बार उधर से, एक बार इधर से."

"हौ, तो ऐसा बोलो ना," तो म्हणाला, जणू मी आख्खं गाव सोडून त्याच्यापासूनच हे लपवून ठेवलं होतं. मग त्यानं मला नीट समजावलं. काही फोनांत दुसऱ्या सिमची आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते, तो घेऊ नका. तिकडच्या टॉवरांचे पट्टे, बँड म्हणतात ते, वेगळे असतात, इथला प्रत्येक फोन तिथं पकडेलच असं नाही, खोक्यावर ते बारीक लिहिलेलं असतं ते बघा. तो स्वतः फोन विकत नव्हता. त्यानं एका चिठ्ठीवर फोनचं नाव लिहून दिलं आणि म्हणाला, कुठूनही घ्या, घेऊन माझ्याकडं या.

मी तशीच त्या चकचकीत दुकानात गेले, ही चौथी खेप, आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली. बाईनं चिठ्ठी वाचून नाक मुरडलं. "मॅडम, यात कॅमेरा अगदी साधा आहे."

"द्या!" मी म्हटलं. एवढ्या जोरात म्हटलं की दाराशी उभा असलेला वॉचमन आत डोकावला.

दुरुस्तीवाल्यानं माझं सिम घालून सगळं लावून दिलं. पहिल्या सिमवरचं इंटरनेट बंद, रोमिंग चालू, दुसरी खाच तिकडच्या सिमसाठी रिकामी. निघताना बजावलं, "पैला सिम को हात नक्को लगाना. कोई बी बोलो." मी घरी आल्यावर भावाला सांगून गावाकडून वीस वेळा रिंग देववली. वीसही वेळा वाजली. त्या दिवशी मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा भूक लागली.

जायच्या आधी गावी जाऊन आले. दादा कुंपणाच्या तोंडाशी दगडावर बसले होते. म्हटलं, दादा, तुम्ही संध्याकाळी रिंग द्याल तेव्हा माझ्याकडं सकाळ असेल.

त्यांनी डोंगराकडं बघितलं. "म्हंजी तिथली मेंढरं तवा बाहेर निघायची."

"व्हय."

"मंग लवकर उठत जा," ते म्हणाले. झाला निरोपसमारंभ.

लेकीच्या घरी पोचल्यावर पहिल्या दिवशी झोपेनं डोळे जड झालेले, तरी सकाळी आठपासून फोन जेवणाच्या टेबलावर ठेवून समोर बसले. तिथले आठ-साडेआठ म्हणजे गावाकडं दिवेलागण. दुसरं सिमही घातलं होतं. वर दोन्ही सिमांच्या रेघा भरलेल्या. पावणेनऊ झाले, वाजला नाही. नऊ झाले. लेक एवढं पोट घेऊन माझ्यापुढं चहा ठेवून गेली, तो गार झाला. तिनं दुसरा करून ठेवला, तोही गार झाला.

"आई, तूच दे ना मग एक रिंग."

"आधी ते देतात, मग मी देते. मोजणाऱ्यानं मोजायच्या आधी मी कशी मध्ये घुसू?"

"देवा!" ती म्हणाली आणि आत जाऊन पडली.

दहा वाजता माझा धीर सुटला. भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो दिसताच तोच माझ्यावर खेकसला, "आक्का, हायस कुठं तू? पाचदा रिंग दिली दादांनी! तू वळून देईनास. उपाशी बसलेत कवाचे."

"अरे, इथं एकदाही वाजला नाही!"

मग मी त्या फोनला शिव्या घातल्या, त्या भिंगवाल्या भाईला घातल्या, काउंटरवरच्या मुलीला घातल्या, आणि अमेरिकेलाही सोडलं नाही. भाऊ म्हणाला, "आधी रिंग दे, मंग भांडत बस." मी दिली. व्हिडिओतून मला माझीच धून ऐकू आली, आणि मागं दादांचा आवाज, "ही कशी मधीच? आधी मी मोजलं नाय." पण उठले आणि जेवले. तिकडं जवळजवळ पावणेनऊ वाजले होते, एखादं कोकरू चुकल्यासारखा उशीर झाला होता.

फोनात काही खोट नव्हती. भावानं नंतर स्वतः लावून बघितला, तेव्हा त्याच्या कानात चार वेळा वाजल्यावर माझा इकडं पहिल्यांदा वाजला. दादा मात्र सहा वर्षांच्या सवयीनं पहिल्या आवाजालाच कट करतात. आवाज माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच रस्त्यात मरतो. तीन आठवडे मी सिमं, खाचा, पट्टे, पॅक करत शहर पालथं घातलं, वीस वेळा वाजवून बघितलं, आणि जी गोष्ट बघायला हवी ती कुणाच्या बापाला सुचली नाही. बघणार तरी कशी, उस्मानपुऱ्यात बसून?

दादांना सांगितलं, जरा जास्त वाजू द्या. दादा म्हणाले, एक म्हंजी एक. जास्त वाजलं म्हंजी कोण मेलं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी इकडं गार चहा पीत बसलेली, ते तिकडं ताटासमोर बसलेले, मध्ये भाऊ दोघांच्या शिव्या खाणारा. लेक म्हणाली, "तुम्ही दोघं बापलेक मला वेळेआधीच बाळंत कराल." शेवटी चौथ्या दिवशी भावानं डोकं चालवलं. दादांना म्हणाला, "आक्का लई लांब गेली. तुमची रिंग तिथवर चालत जायाची. मेंढरं घाट चढाया येळ लावत्यात का नाय? तशी ती बी लावती. पाच मोजा अन् मंग कट करा."

"मंग आधी सांगायचं ना," दादा म्हणाले. "मला काय मोजाय येत नाय?"

त्या दिवशी साडेआठला माझा फोन एकदा वाजला आणि थांबला. मी टेबलावरच्या बशीतली पोळी तशीच टाकून उठले. माझीही रिंग पाच मोजून दिली, तिलाही तेवढंच अंतर होतं. तेव्हापासून मग रोज बिनबोभाट. लेक वरवर कुरकुर करायची, पण आठ वाजले की फोन चार्जिंगवरून काढून माझ्यापुढं आणून ठेवायची, हे मी बघत होते.

पाचव्या आठवड्यात पहाटे तिला दवाखान्यात नेलं आणि सातच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी भावाला कळवलं, तो दादांना सांगायला मेंढरांकडं पळाला. जावई सगळ्यांना फोटो पाठवत सुटला. माझ्या साध्या कॅमेऱ्यानं मीही एक काढला, काय वाईट आला नाही. साडेआठला खोलीत मी, लेक आणि ते एवढंसं गाठोडं. फोन वाजला, थांबला. मी पाच मोजून रिंग दिली आणि फोन पर्समध्ये टाकला.

पुन्हा वाजला. एकदा, आणि थांबला.

असं सहा वर्षांत कधी झालं नव्हतं. माझी रिंग पोचली नाही की काय? की गावाकडं काही झालं? घाईघाईनं भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो बोलायच्या आधीच मागून दादांचा आवाज आला, चांगलाच चढलेला.

"तिला म्हणावं, मोजाय येत नाय का? बत्तीस वर्सं शाळेत शिकवलं काय मंग?"

"काय झालं दादा?" मी ओरडले.

"तिघी एका जाग्याला हायत ना तुमी? मंग एकच रिंग कशी आली? मी कसं धरू तिघी? तीन दे. पयल्यापासून दे. भाकरी गार व्हायली माझी."

पलंगावरून लेक म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "मला पण मोजतात?"

भावानं दादांना विचारलं असावं. दादा त्याच्यावरच डाफरले, ते आम्हाला इथं स्पष्ट ऐकू आलं. "मंग? लेकीची लेक ती. तिची रिंग कंदी येतच नव्हती, तर मोजू कशी? मी काय मनानं आकडा लावू?"

लेकीनं डोळे मिटून घेतले. मी कॉल बंद केला आणि माझी रिंग दिली, पाच मोजून कट केली. दुसरीला बटण दाबणार तेवढ्यात तिनं हात पुढं केला.

"दे इकडं. ही माझी ना? मी देते."

तिच्या एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात फोन. फोनाचा पहिला आवाज आला आणि तिचा अंगठा लाल बटणाकडं गेला.

"अगं, लगेच कट नको करू!" मी ओरडलेच तिच्यावर. "पाच मोज. पोचू दे त्यांच्यापर्यंत."